गोदा, खोली रिकामी होती

गोदा, तुझ्या शोकसभेला मी सगळ्यात मागे, पाण्याच्या पिंपाशेजारी बसले होते. वखारीचं अंगण भरून माणसं पार रस्त्यापर्यंत गेली होती. पहिली शिफ्ट सुटलेले कामगार हातात डबे घेऊन तसेच आले होते. भोसरीहून बायका आल्या, ताथवड्याहून बैलगाडी करून आल्या, आणि ज्या घरमालकांनी एकेकाळी तुला अंगणातूनच परत पाठवलं होतं तेही उन्हात उभे होते. सगळे डोळे पुसत होते आणि मी काय करत होते, तर मी गेल्यावर यातली किती माणसं येतील याचा अंदाज बांधत होते. अंदाज काही फारसा चांगला येत नव्हता.

मला दोनदा बोलायला बोलावलं. "मंदाताई, तुम्ही तर पहिल्यापासून बरोबर होतात, दोन शब्द बोला." मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता. चारचौघांत बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, आणि जे होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्याशी एक खोटं बोलले, गोदा. ते तुझ्यापाशी कबूल करायचं रोज ठरवत होते आणि रोज पुढे ढकलत होते. तू काही माझ्यासाठी थांबली नाहीस. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले, म्हणून आता हे लिहायला बसले आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू दे. वखार तुझी नव्हती. लोक आता 'गोदाक्कांची वखार' म्हणतात तेव्हा माझ्या पोटात अजून दुखतं. तू येण्याच्या चार वर्षं आधीपासून मी तिथे होते. चिंचवड स्टेशनमागची ती बंद पडलेली लाकडाची वखार आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी मालकाचे पाय धरून मागून घेतली. तेव्हा इकडे रोज एक नवी कंपनी उभी राहत होती. शेड बांधणाऱ्या बिगारी बायका त्याच अर्धवट शेडमध्ये पोराबाळांसकट राहायच्या. छप्पर चढलं, यंत्रं आली, की रखवालदार त्यांना बाहेर काढायचा. मग फलाट, नाहीतर पुलाखालची जागा. कुणाचा नवरा टाकून गेलेला, कुणाचा कामावर मेलेला आणि त्याच्यामागे कंपनीचं क्वार्टरही गेलेलं. अशांना हेडमास्तर वखारीत आणायचे आणि मी त्यांना गावातून भाड्याच्या खोल्या शोधून द्यायची. हेडमास्तरांचं एकच सांगणं होतं, इथं कुणी कायमचं राहायचं नाही. इथून निघालेली बाई तिच्या स्वतःच्या दारात गेली पाहिजे.

आणि त्या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी पिंपळे गुरवची सून. सासरची जमीन कारखान्यांच्या वेळी गेली, उरलेल्या तुकड्यावर सासूबाईंनी आठ खोल्या बांधून भाड्याने दिल्या, त्यामुळे खोलीवाल्यांची नस मला बरोबर ठाऊक होती. एकट्या, अनोळखी बाईला गावात कुणी खोली देत नाही. पहिला प्रश्न, "पाहुणे कुठले?" दुसरा प्रश्न, "आडनाव काय?" मी ते प्रश्न येऊच द्यायची नाही. ओट्यावर ऐसपैस बसायचं, चहा घ्यायचा, दोन्हीकडच्या सोयरिकी काढायच्या आणि जाता जाता म्हणायचं, "आमच्या मावसबहिणीची जाऊ आहे हो." कधी मामेसासूची पुतणी, कधी आत्याची नणंद. घरी यांनी एकदा मला विचारलंही, "काय गं, तुझ्या मावशीला एकूण मुली तरी किती?" त्यांना हसू येत होतं, पण आठवड्याच्या आत बाईच्या डोक्यावर छप्पर येत होतं. मला तेवढं पुरे होतं.

तू आलीस दुष्काळाच्या वर्षी. मराठवाड्यातून, खडी फोडून हाताला घट्टे पडलेली, एक गोधडी आणि एक तांब्या घेऊन. तुझं नाव नोंदवहीत मीच लिहिलं. आठ दिवसांत तुझ्यासाठी काळेवाडीला खोली ठरवली, मालकिणीला तू माझी चुलतनणंद म्हणून सांगितलं, आणि मोठ्या तोऱ्यात तुला ती बातमी द्यायला आले.

तू म्हणालीस, "मला नगं बगा ती खोली."

"का? काय वाईट आहे?"

"खोली चांगली आसंल. पण उद्या मालकिणीनं इचारलं, तुमच्या चुलत्याचं नाव काय, तर मी काय सांगू? रोज उठून खोटं बोलायचं आन् भिऊन ऱ्हायचं. त्यापरीस मी हितंच बरी."

मिळालेली खोली नाकारणारी वखारीतली तू पहिली बाई. मला राग आला. भुकेल्या माणसाने ताट नाकारावं तसं वाटलं मला. हेडमास्तर मात्र चष्मा काढून तुझ्याकडे बघत राहिले. चार वर्षांत माझ्याकडे त्यांनी तसं कधी बघितलं नव्हतं. माझा हेवा त्या दिवशी सुरू झाला, गोदा. इतका जुना आहे तो.

सुभद्राचं प्रकरण तर तुझ्यासमोरच झालं. तिला मी सांगवीत माझी मावसबहीण म्हणून ठेवलं होतं. मालकीण मोठी लाघवी. 'आपल्यातलीच' भाडेकरीण मिळाली म्हणून तिला घरच्यासारखं वागवायची. नवरात्रात त्या मालकिणीला अडचण आली, चूल शिवता येईना, तर तिने हक्काने सुभद्रालाच हाक मारली, आमच्या देवीचा नैवेद्य तेवढा तू कर. सुभद्राने काय करावं? नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागेल. बिचारीने चार दिवस देवघराशेजारी बसून स्वयंपाक केला. आणि दसऱ्याला तुम्हा लोकांचा दीक्षेचा दिवस, त्या दिवशी तिने स्वतःच्या खोलीत बुद्धाची तसबीर लावली आणि पुढे मेणबत्ती पेटवली. आपट्याची पानं द्यायला मालकीण आत आली आणि तिने ती बघितली.

भांडी रस्त्यावर आली. पोरं भेदरून गेली. मला बोलावणं आलं आणि मी ताप आलाय म्हणून निरोप पाठवला. खरं तर मी पाटावर पापड लाटत बसले होते. तू गेलीस. मालकिणीच्या सगळ्या शिव्या खाली मान घालून ऐकल्यास, सुभद्राची भांडी डोक्यावर घेतलीस आणि तिला वखारीत परत आणलंस. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मीही ओरडले असते आणि मामला मिटला असता.

"तुमी तिला घर न्हाई दिलं, मंदाताई," तू म्हणालीस. "तुमी तिला लपायला जागा दिली व्हती."

हेडमास्तर शेजारच्या बाकावर बसले होते. त्यांनी ते ऐकलं. महिन्याभरात खोल्यांचं सगळं काम त्यांनी तुझ्याकडे दिलं, आणि पुढे गावी जाताना वखारीच्या किल्ल्याही तुझ्याच हातात ठेवल्या. मला म्हणाले, "मंदाताई, तुम्ही हिला सांभाळून घ्या." मी सांभाळून घेतलं, असं सगळे म्हणतात.

तुझी रीत अशी. बाईला बरोबर घेऊन जायचं. ओट्यावर न चढता अंगणात उभं राहायचं आणि तिनेच आपल्या तोंडाने सगळं सांगायचं. नाव, आडनाव, जात, नवरा कुठे आहे, काम काय, पोरं किती, दारू-बिरू कोण पितं का. शेवटी एकच, "आता सांगा, देता का?" दहांतली नऊ दारं तिथल्या तिथे बंद व्हायची. दहावा हो म्हणाला की तू लगेच पिशवीतून लाल ऑइलपेंटची डबी काढायचीस आणि दारावर त्या बाईचं नाव आडनावासकट लिहायचीस. सामान त्यानंतर. "ज्याला काय बोलायचं हाय ते त्यानं आजच बोलावं, भांडी लावायच्या आदी," असं तुझं म्हणणं. शेजारीपाजारी वाचायचे, कुजबुजायचे, एखादा मालकाला येऊन बोलायचा, आणि जे व्हायचं ते त्या दिवशीच होऊन जायचं.

मला ते सगळं नाटकी वाटायचं. तुला तोंडावर तसं म्हणालेही होते. मग तू मला ताथवड्याला घेऊन गेलीस, सुभद्रासाठीच. तिथला तो म्हातारा घरमालक, मोठ्या मिशांचा, सगळं ऐकून नाही म्हणाला. तू म्हणालीस, "बरं. जरा प्यायला पाणी द्या." तो घुटमळला. आतून त्याच्या बायकोने तांब्या आणला, तू ओंजळ न करता सरळ तांब्या हातात घेतलास आणि प्यायलीस. परतताना मी म्हटलं, "नाही म्हणाला ना तो, मग पाणी कशाला?" तू हसलीस. "जिथं पुना यायचं आसतंय तिथंच पाणी मागावं. पाणी दिलेल्या माणसाला दुसऱ्या बारीला तोंड फिरवायला जड जातंय." पंधरा-पंधरा दिवसांनी तू जात राहिलीस. सातव्या खेपेला त्याने खोली दिली. सुभद्रा आजही तिथेच आहे. पावसाने दारावरचं नाव पुसट झालं तेव्हा त्या म्हाताऱ्याने स्वतः ब्रश घेऊन ते गिरवलं. शोकसभेला तिलाच बैलगाडीत बसवून तो घेऊन आला होता.

तर हे असं. माझ्या निम्म्या बायका वर्षाच्या आत गाठोडी घेऊन वखारीत परत यायच्या. तुझ्या परत यायच्या त्या सणाला, हातात लाडवाचा डबा घेऊन. डबा तुझ्यासमोर उघडायच्या आणि मग माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ताई, तुम्ही पण घ्या ना." त्यांना घरी आल्यासारखं वाटावं म्हणून मी हसून लाडू घ्यायची. ते लाडू मला कधी गोड लागले नाहीत.

पण आपला वाद संपलेला नाही, गोदा. तू नाहीस म्हणून मी माघार घेईन असं समजू नकोस. तुझ्या रीतीत बायकांना महिनोन्‌महिने वखारीत थांबावं लागायचं. ती ओली बाळंतीण आठवते? पावसाळाभर जमिनीतून पाणी पाझरत होतं, तिचं लेकरू छाती भरून आजारी पडलं, आणि तू तिला घेऊन दारोदार खरं सांगत फिरत होतीस. मी त्या दिवशी खरोखर चिडले. "तिच्या पोराला तुझ्या खऱ्याशी काय करायचंय? त्याला कोरडी जमीन पाहिजे," असं म्हणाले, आणि तुला न विचारता तिला दापोडीला माझी भाची करून टाकलं. लेकरू वाचलं. तू येऊन त्याला मांडीवर घेतलंस. मग म्हणालीस, "तुमचं बी खरं हाय." बस, एवढंच. मला हरण्याची सवय होती, त्यामुळे जिंकल्यावर काय करायचं ते कळेना. तू हरलीससुद्धा माझ्यापेक्षा चांगली. आणि ती दापोडीची बाई वर्षाने परत आली, हे तू मला कधी बोलून दाखवलं नाहीस. दाखवायला हवं होतंस. निदान भांडायला तरी मिळालं असतं.

मला टायफॉइड झाला तेव्हाचं काय सांगू? वीस दिवस तू कासारवाडीपर्यंत बसने आणि पुढे नदी ओलांडून पायी येत होतीस. पेज करायचीस, माझं डोकं पुसायचीस, पोरींच्या वेण्या घालायचीस. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तुझ्यासाठी कपबशी वेगळी काढून ठेवली होती. मी अंथरुणातून बघत होते आणि शरमेने डोळे मिटून घेतले होते. चौथ्या दिवशी ती वेगळी कपबशी फळीवरच राहिली. दहाव्या दिवशी तुम्ही दोघी चुलीपुढे बसून शेंगदाणे भाजत हसत होतात. माझ्या सासूबाई माझ्याबरोबर इतक्या वर्षांत चुलीपुढे बसून हसल्या नव्हत्या. मी जगले ते तुझ्यामुळे, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. आणि अंगात उभं राहायची ताकद नसताना मला तुझा जो हेवा वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नाही. बरी झाल्यावर धाकटी माझ्या हातची चटणी बाजूला सारून म्हणाली, "गोदाक्कासारखी नाही झाली." मी तिला एक धपाटा घातला. तो धपाटा खरं तर तिला नव्हता.

आता ते सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या आधीचे दिवस होते. तुझा खोकला दोन पावसाळे हटत नव्हता. तू आमच्या अंगणातल्या नळापाशी आलीस, मी गहू धूत होते. तू उगाच इकडचं तिकडचं बोललीस. मग पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "मंदाताई, एक इचारू? तुमच्याकडं एखादी खोली निघंल का? डॉक्टर म्हणायलेत, वल्लीत ऱ्हाऊ नका."

तोवर किती बायकांसाठी किती दारांत तू उभी राहिली असशील. स्वतःसाठी तू त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलंस, आणि ते माझ्याकडे.

पाचवी खोली रिकामी होती, गोदा. तिथले लोक श्रावणातच चाकणला राहायला गेले होते. कुलूप तुझ्या-माझ्या समोर, दहा पावलांवर लटकत होतं. मी म्हणाले, "सगळ्या भरल्यात गं. पाचवीतली माणसं गावाला गेलीत, येतील दिवाळी करून."

तू कुलपाकडे बघितलंस. मग माझ्याकडे. "बरं बरं," म्हणालीस. "मीच येडी, सणासुदीचं इचारायला आले." आणि गेलीस. नळ वाहत होता, उन्हातून चालत आली होतीस, पण माझ्याकडे तू पाणी मागितलं नाहीस.

मी का खोटं बोलले याचं उत्तर लोक सहज देतील. गावची सून, तिने काय करावं, सासू आडवी आली असणार. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मी सासूबाईंना विचारलंच नाही. आणि जातीचं म्हणशील, तर माझ्या मनात ते मुळीच नव्हतं असं मी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही. पण ते कारण नव्हतं. कारण एवढंच की तू माझ्या अंगणात राहायला आली असतीस. सकाळी माझी पोरं आधी तुझ्या दारात पळाली असती. सासूबाई शेंगदाणे घेऊन तुझ्या ओट्यावर जाऊन बसल्या असत्या. वखारीतल्या बायका सणाला माझ्या घरावरून तुझ्याकडे गेल्या असत्या. वखार तुला दिली होती, हेडमास्तर दिले होते. एक घर तेवढं माझं राहिलं होतं.

त्यानंतर मला ती खोली कुणालाच देता येईना. दुसऱ्या कुणाला दिली तर तू बघितलं असतंस. सासूबाईंना सांगितलं, पाचवीची भिंत पाझरते, तिथं माणूस आजारी पडेल. आठांमध्ये तीच सगळ्यात कोरडी खोली होती. दोन वर्षं तिला कुलूप राहिलं आणि दोन वर्षं तू वखारीच्या त्या कोपऱ्यात, गोणपाटाच्या पडद्याआड खोकत राहिलीस. मधे तुला काळेवाडीला एक खोली मिळालीही होती, तुझ्याच रीतीने. ती तू दुसऱ्या बाईला दिलीस. मला ते कळलं तेव्हा मी पातेलं आपटलं. तू तिथे राहायला गेली असतीस तर मी सुटले असते. तुला कधी स्वतःपुरतं बघता आलं नाही, आणि त्याची शिक्षा मला झाली. हे बोलणं अन्यायाचं आहे, मला कळतं. तरी बोलते.

पुण्याच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी रोज येत होते. मोसंबी सोलायची आणि मनात म्हणायची, ही फोड संपली की सांगते. तू माझ्या हाताकडे बघत असायचीस. शेवटच्या दुपारी म्हणालीस, "जनाचं तेवढं बगायचं ऱ्हायलं." जना म्हणजे तुझ्या यादीतली पुढची बाई. मी म्हणाले, "बघू." तुझं-माझं शेवटचं बोलणं ते एवढंच.

तू गेल्याचं कळलं तेव्हा सासूबाई उंबऱ्यात बसून रडल्या. मग पदराने नाक पुसत म्हणाल्या, "एवढ्या बायांना घरं दिली, आन् सोताला एक मागितलं न्हाई बाईनं. मागितलं आसतं तर मी दिलं नसतं व्हय? आपल्यालाच सोबत झाली आसती." मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. बारा माणसांची कणीक मळली त्या दिवशी, खाणारे पाच.

गेल्या रविवारी सकाळी अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. ओट्यावर चढली नाही. काळी, उंच, कडेवर एक पोर, बोटाला एक.

"माझं नाव जनाबाई साळवे," ती म्हणाली. "आमी बौद्ध. नवरा तुरुंगात हाय, मारामारीत. मी बांधकामावर विटा वाहते. ह्या दोन पोरी. धाकटी लई रडती, आदीच सांगते. आता सांगा, देता का?"

मी म्हटलं, "खोली रिकामी आहे म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"गोदाक्कांनी. दवाखान्यात. मी म्हणले, मग आजच जाते. तर म्हणल्या, आज नगं. मी हाय तोवर ती खोली उघडायची न्हाई. मी गेल्यावर जा, मंदाताई देतील."

ती हे सरळ, निरोप सांगावा तसं सांगत होती. त्याचा अर्थ तिला कळलेला नव्हता. मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"आनखी काय न्हाई. जराशा हसल्या."

तुला सगळं माहीत होतं. खोली रिकामी आहे हे माहीत होतं, भिंत कोरडी आहे हेही असेल, आणि कुलूप कशाचं आहे तेही. दोन वर्षं तू रोज मला "मंदाताई, जेवलात का?" विचारत होतीस, ते हे सगळं माहीत असून.

खरं सांगते, माझ्या तोंडावर 'नाही' आलं होतं. आयुष्यात एकदा तरी तुला चुकीचं ठरवायची ती शेवटची संधी होती. नऊ दारांनी नाही म्हटलंच होतं, दहाव्याने म्हटलं तर कुणाला काय वाटणार होतं? जना उभी होती. धाकटीने रडायला सुरुवात केली, अगदी सांगितल्याप्रमाणे. आतून सासूबाईंनी विचारलं, "कोन हाय गं?"

"खोलीला माणसं आलीत," मी म्हणाले, आणि किल्ली आणायला आत गेले.

जना आता पाचव्या खोलीत राहते. सासूबाई तिच्या धाकटीला मांडीवर घेऊन बसतात. वखारीत, गावात, सगळीकडे एकच बोललं जातं, मंदाताईंनी गोदाक्कांच्या आठवणीखातर आपली खोली दिली. बायका येऊन माझा हात हातात घेतात. एकीने तर लाडू आणले, फक्त माझ्यासाठी. मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. तुझ्यापाशी तेवढं सांगते. तुझ्या आठवणीखातर नाही दिली, गोदा. तू राहिली नाहीस म्हणून देता आली.